मध्यबिंदूची अर्धी साक्ष

डग्लस मॉन्टगोमेरी यांच्या प्रयोगरचनेवरील पाठ्यपुस्तकात एका रासायनिक प्रक्रियेचे उदाहरण आहे. वेळ आणि तापमान, प्रत्येकाच्या दोन पातळ्या. चार कोपऱ्यांवरील उताऱ्याची सरासरी ४०.४२५ टक्के, मध्यबिंदूवरील पाच प्रयोगांची ४०.४६. फरक नगण्य, म्हणून सरळ प्रतल पुरेसे मानले जाते.

ही कसोटी दोन्ही घटकांच्या वक्रतेची फक्त बेरीज तपासते. एकाचा बाक वर आणि दुसऱ्याचा तेवढाच खाली (खोगीर आठवा!) असेल, तर बेरीज शून्य. पुस्तक ही बेरीज स्पष्ट मांडते. संगणकाची आज्ञावली मात्र मध्यबिंदूसाठी एकच ओळ छापते, आणि वाचणारा ‘वक्रता नाही’ म्हणून मोकळा होतो! बेरीज मोठी आली तरी बाक कोणाचा, हे त्या ओळीतून कळत नाही. त्यासाठी अक्षांवर जादा प्रयोग करावेच लागतात.