जालविरहित संगणकावरील सॉफ्टवेअर-स्थापना : डेबियन व पिप यांची चिकित्सा

प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणक इंटरनेटला जोडलेला आहे, असे गृहीत धरूनच आजचे बहुतेक सॉफ्टवेअर रचले जाते. पूर्वी तसे नव्हते. 2005 साली प्रसिद्ध झालेली डेबियनची 3.1 ही आवृत्ती 14 सीडींच्या संचात मिळत असे. ‘एपीटी-सीडीरॉम’ या आज्ञेने त्या सीडींची एकदा नोंद केली की हवे ते पॅकेज कोणत्या सीडीवर आहे हे संगणकच सांगे व त्यास लागणारी इतर पॅकेजेसही त्याच संग्रहातून घेई. संपूर्ण ग्रंथालयच वापरकर्त्याच्या स्वाधीन करण्याची ही वृत्ती प्रस्तुत लेखकास आजही अनुकरणीय वाटते.

सुटी फाइल हाती आली की मात्र डेबियनचीही मर्यादा उघड होते. ‘डीपीकेजी’ पॅकेज उलगडते. ते ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजेस शोधून आणत नाही, आणि स्थापना अर्धवट राहते. शिवाय डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी होते ती संग्रहाच्या सूचीची. पेनड्राइव्हवरून आलेल्या सुट्या फाइलची शहानिशा ज्याची त्याने करावयाची!

पायथनच्या ‘पिप’मध्ये 2016 पासून ‘डाउनलोड’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. जोडणी असलेल्या संगणकावर सर्व पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरवावीत आणि दुसरीकडे ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन स्थापना करावी, अशी ही रीत. ती वरकरणी निर्दोष दिसते. परंतु नमपायसारख्या पॅकेजची ‘व्हील’ फाइल विशिष्ट पायथन आवृत्तीसाठी व विशिष्ट प्रणालीसाठी बांधलेली असते. विंडोजवर उतरवलेला फोल्डर लिनक्सवर नेल्यास, फाइल डोळ्यांसमोर असूनही, जुळणारे पॅकेज सापडले नाही असे उत्तर येते. नवशिक्या विद्यार्थ्याला यातून काहीच बोध होत नाही.

याहून गंभीर आक्षेप सोर्स कोडच्या स्वरूपातील पॅकेजेसबाबत आहे. 2018 च्या पिप 10 या आवृत्तीपासून अशा पॅकेजच्या बांधणीची साधने वेगळ्या, तात्पुरत्या परिसरात आणली जातात. ‘डाउनलोड’ ही आज्ञा मात्र ती साधने आपल्या फोल्डरमध्ये ठेवत नाही. म्हणजे जालविरहित संगणकासाठी म्हणून केलेली शिदोरी ऐन वेळी अपुरी ठरते, आणि तेही आधी कोणतीही सूचना न मिळता. ही उणीव वापरकर्त्याच्या अज्ञानाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

त्यामुळे प्रयोगशाळेतील संगणकांशी प्रणाली व पायथन आवृत्ती जुळणाऱ्या एका जोडलेल्या संगणकावर ‘पिप व्हील’ या आज्ञेने सर्व पॅकेजेस आधीच बांधून घेणे, हाच तूर्त भरवशाचा उपाय होय.