यादीत नाव आलं, पण खेळ बदलला का?

विषय पोरखेळाचा वाटेल, पण त्यात इतिहास कोणाचा सांगितला जातो हा प्रश्न आहे. १९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा खेळ आला. गाव वसवायचं, शेती करायची, किल्ला बांधायचा, फौज उभी करून शेजाऱ्याशी लढायचं. त्यात मध्ययुगातल्या १३ संस्कृती होत्या. ब्रिटन, फ्रँक, गॉथ, व्हायकिंग, चिनी, जपानी होते, भारत नव्हता. हत्ती होता, पण तो इराण्यांकडे!

२०१३च्या विस्तारात ‘इंडियन्स’ आले. म्हणजे काश्मीरपासून केरळपर्यंत सगळे एका नावाखाली, आणि तिकडे ब्रिटन वेगळे, केल्ट वेगळे. २०२१मध्ये दोन विस्तार निघाले, त्यांतून बर्गंडियन, सिसिलियन, बोहेमियन आणि पोल आले. ‘पुन्हा युरोपच का?’ अशी कुरकुर खेळाडूंमध्ये होती. मग एप्रिल २०२२मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आला. जुने इंडियन्स हिंदुस्थानी झाले आणि त्यांच्या जोडीला गुर्जर, बंगाली, द्रविड आले.

यावरून लोक म्हणतात, खेळाडूला विविधतेची भूक आहे, नावं वाढवत जा. मला हे पटत नाही. नावाने भूक भागत नाही. गुर्जरांचंच घ्या. एरवी या खेळात मेंढी सापडली की कापायची आणि अन्न साठवायचं. गुर्जरांना ती गिरणीत ठेवता येते, मग अन्न थोडं थोडं येत राहतं. आज खायचं की जपायचं, हा प्रश्न डावाच्या सुरुवातीलाच समोर उभा राहतो. दुसरं म्हणजे, या चारही संस्कृतींकडे युरोपीय नाईट नाहीत. वर्षानुवर्षं नाईटच्या जोरावर जिंकणाऱ्याचा हात इथे अडखळतो. तट फोडायला लाकडी यंत्राऐवजी चिलखती हत्ती आहे. याला मी विविधता म्हणेन, कारण इथे सवय मोडावी लागते.

पण सवय मोडली की काम झालं, असंही नाही. मे २०२५मध्ये ‘द थ्री किंग्डम्स’ आला. पाच नव्या संस्कृती, खेळायला बऱ्याच वेगळ्या, तरी अनेक जुने खेळाडू नाराज झाले. का? जुर्चेन आणि खितान हे खरोखर वेगळे लोक होते. पण शू, वेई आणि वू ही तिसऱ्या शतकातली, हान साम्राज्य मोडून झालेली राज्यं, काही दशकं टिकलेली. तिबेटी आणि तंगुत यांची वाट पाहणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. म्हणजे खेळाडूला भूक आहे तशी चवही कळते बरं का. वेगळेपण खरं हवं, आणि ते हाताला जाणवायला हवं.

आता आपल्या घरचं बघू. मराठी खेळाडू विचारतो, मराठे कुठे आहेत? शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४चा. हा खेळ साधारण सोळाव्या शतकाशी थांबतो. पण देवगिरीचे यादव आणि नंतरचे बहमनी सुलतान या काळात चपखल बसतात. त्यांना आज कुठे बसवायचं? हिंदुस्थानींत, की ‘द्रविड’ या मुळात भाषाकुळाच्या नावाखाली? ही उणीव खरी आहे. ती भरून काढा असं म्हणताना मात्र आपण नुसतं नाव मागू नये. दख्खनच्या सुलतानांसाठी चांगला घोडा समुद्रापलीकडून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरायचा. मग खेळातही घोडदळ हवं असेल तर आधी बंदर हाती हवं, असा नियम का नसावा? कातळ तासून अभेद्य केलेला देवगिरी उंचवट्यावरच का बांधावा लागू नये? असं झालं तर कोरियातला किंवा ब्राझीलमधला मुलगाही दोन डावांत दख्खनची अडचण ओळखेल. नुसतं नाव आलं तर आपण एक दिवस खूश होऊ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्रँक घेऊन खेळायला बसू.