पुरावस्तूचे वय आणि मूल्य : केळकर संग्रहालयाच्या संदर्भात

नित्य वापरातील वस्तू 'पुरावस्तू' केव्हा ठरते? १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार तिचे वय किमान १०० वर्षे असावे लागते. मूल्यवान हस्तलिखितांसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. हा निकष निश्चित असला तरी अपुरा आहे. कारण पितळी समई वा अडकित्ता शंभरी गाठण्यापूर्वीच मोडीत जाऊ शकतो. कवी 'अज्ञातवासी' अर्थात दिनकर केळकर यांनी जमविलेल्या आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनास अर्पण केलेल्या पुण्यातील संग्रहात अडकित्ते, दिवे, दौती यांना प्रतिष्ठा लाभली, ती घडण व वापर यांमुळे. सारांश, वय वस्तूला कायद्याचे संरक्षण देते. अर्थ मात्र वापराच्या नोंदीतूनच प्राप्त होतो. ती नोंद शंभर वर्षे थांबू शकत नाही.