‘धसका’ आणि ‘भग्नहृदय’ : दोन संज्ञांची चिकित्सा

जबर आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा एकाएकी दुबळा होण्याच्या विकाराचे वर्णन जपानमध्ये १९९० साली झाले. कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव ‘ताकोत्सुबो’. मराठी लेखनात मात्र इंग्रजीतील लोकप्रिय नावावरून बेतलेले ‘भग्नहृदय’ आढळते. हे भाषांतर नाटकी आहेच. शिवाय ते अनावश्यकही आहे. वऱ्हाडात, वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावी, अशा प्रसंगी ‘धसका बसला’ असे सहज म्हटले जाते.

येथे क्रियापद महत्त्वाचे. ‘बसला’ म्हणताना आघात बाहेरून येतो. ‘घेतला’ म्हणताच कर्तृत्व रोग्याकडे जाते आणि दुबळ्या मनाचा ठपकाही त्याच्यावर येतो. ‘हाय खाणे’ यात दीर्घकाळ झिजणे अभिप्रेत आहे. पानिपतच्या पराभवानंतर (१४ जानेवारी १७६१) नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. त्यांच्या मृत्यूस हा विकार चिकटविण्याचा मोह होईल. परंतु पाच महिने खंगत जाणे म्हणजे ‘हाय खाणे’ होय. ताकोत्सुबो काही तासांत उद्भवतो.

तेव्हा ‘धसका’ हीच संज्ञा रूढ करावी काय? ईसीजी पाहता तसे म्हणवत नाही. छातीत कळ येते, पट्टीवर एसटी भाग उंचावलेला दिसतो. हृदयाची रोहिणी अडून येणाऱ्या झटक्यातही हेच दिसते. अनेकार्थी शब्दाप्रमाणे या खुणेचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही, आणि तो संदर्भ अँजिओग्राफी पुरविते. पुढील दोनतीन दिवसांत टी-तरंग खोल उलटतात, क्यूटी अंतर लांबते. त्यातून हृदयाचा ताल घातक रीतीने बिघडू शकतो. आकुंचन बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. उलटे तरंग त्यानंतरही रेंगाळतात. तेवढ्यावरून रोग बळावला असे मानणे चूक.

रोग बरा होतो, म्हणून तो सौम्य, हा समजही टिकत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदीतील १,७५० रुग्णांत सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या, ४.१ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. वय व लिंग जुळविलेल्या झटक्याच्या रुग्णांशी तुलना करता गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास तेवढेच भरले. शिवाय केवळ मानसिक कारण २७.७ टक्के रुग्णांतच आढळले. शारीरिक कारण ३६ टक्क्यांत, तर २८.५ टक्क्यांत कोणतेच नाही. म्हणजे ‘धसका’ काय किंवा ‘भग्नहृदय’ काय, बहुसंख्य रुग्णांना लागूच पडत नाही.

‘ताकोत्सुबो’ हा शब्द मराठी कानाला परका, अर्थाने अपारदर्शक. पण कारणाविषयी तो काहीच गृहीत धरीत नाही, आणि येथे हाच त्याचा गुण होय. ‘धसका’ मात्र ऐकताक्षणीच निदान झाल्याचा भास निर्माण करतो. ‘धसका बसला, पाणी द्या, पडू द्या’ असे म्हणून माजघरात निजविलेल्या बाईची पट्टी काढलेलीच नसते.