नागपूरच्या मे महिन्यातलं बंद पाणी

घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरला पाण्याने थंड ठेवायची हौस आता सगळीकडे दिसते. तिचा कस लागतो तो नागपूरच्या मे महिन्यात. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात ही रचना जवळून पाहावी.

आधी प्रोसेसरवरचा ब्लॉक. वर पारदर्शक झाकण, खाली तांब्याची पाटी आणि त्या पाटीच्या आतल्या अंगाला केसाइतक्या बारीक फटींच्या रांगा. पाणी मधल्या चिरेतून उतरतं, फटींत शिरतं आणि दोन्ही बाजूंना फाकून बाहेर पडतं. नखाएवढ्या चिपची सगळी धग तेवढ्यात उचलायची असते. इतकं नाजूक कोरीवकाम, तेही बाहेरून नजरेला न पडणाऱ्या जागी! साऱ्या रचनेत मला हीच जागा सर्वांत देखणी वाटते. तिच्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच हवं. कूलरच्या ताट्यांवर साचणारा पांढरा क्षार पाहिलेल्याला कारण सांगावं लागत नाही. गढूळ रंगाचे दिखाऊ द्रावही त्या फटी तुंबवतात. ते मी कधीच भरणार नाही.

गंमत अशी, की एवढी धग उचलूनही पाणी फारसं तापत नाही. मिनिटाला १ लीटर प्रवाह असेल, तर २५० वॅट उष्णता घेऊन ते जेमतेम साडेतीन अंश चढतं. म्हणून नळी आधी ग्राफिक्स कार्डाकडे न्या की रेडिएटरकडे, फरक नगण्य. पंप कोरडा पडू नये म्हणून टाकी त्याच्या वर असावी, एवढं पाळलं की बाकीची वळणं जुळवणाऱ्याच्या नजरेवर.

रेडिएटरपाशी मात्र नागपूरचं ऊन हिशेबात येतं. बंद नळीतलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ४० अंशांवर, तर पाणी ५०च्या आसपास. खिडकीतला कूलर ही मर्यादा ओलांडतो, कारण त्याचं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना हवेतलीच उष्णता घेतं. वाळ्यातून आलेला वारा बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरलेला असतो. खोली जेवढी उतरली, जवळपास तेवढंच नळीतलं पाणी उतरतं आणि चिपही. दव धरायची भीती नाही, कारण आतलं सगळंच खोलीपेक्षा गरम. कूलरचे तुषार तेवढे थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नयेत.

कोंडलेलं पाणी आणि उडून जाणारं पाणी ही जोडी मोठ्या आकारात पाहायची, तर कोराडीच्या वीज केंद्रात जावं. बॉयलरचं शुद्ध पाणी नळ्यांत फिरत राहतं, त्याची वाफ निववणारं पाणी कूलिंग टॉवरमधून हवेत जातं. त्या केंद्राला लागणाऱ्या पाण्यात भांडेवाडीला शुद्ध केलेलं नागपूरचंच सांडपाणी असतं.