गेलेल्यांचा मराठवाडा

मराठवाडा साहित्य परिषद आणि तिचं ‘प्रतिष्ठान’ यांच्याविषयी आपण परभणीकर आपुलकीनं बोलतो, आणि ते रास्तच आहे. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूत. अशा काळात ही संस्था मराठीसाठी उभी राहिली. हे ऋण मान्य करूनच एक तक्रार मांडतो, आणि ती आपल्या सगळ्यांवरच आहे. प्रदेशाचा अभ्यास करताना प्रदेश सोडून गेलेल्यांना आपण कुठे बसवतो?

1956 साली मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. तिथले मराठी लोक मागे राहिले. त्यांनीही आपली साहित्य परिषद चालवली, ‘पंचधारा’ काढलं. आपल्या चर्चेत त्याचं नाव किती वेळा येतं, सांगा बरं?

जुन्या स्थलांतराचा मात्र आपल्याला केवढा अभिमान! गंगाखेडची जनाबाई पंढरपूरला गेली. नरसीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले. ही नरसी 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, बरं का. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. 2015 चं अखिल भारतीय संमेलन आपण थेट घुमानला भरवलं.

आता बघा, त्याच गंगाखेड तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसं निघतात. त्यांचं जाणं आपण अर्थशास्त्राच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण त्यात भाषा नाही का? नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे हत्याराचं नाव माणसांना लागलं! आगाऊ घेतलेल्या पैशाला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत माणूस मुकादमाशी बांधलेला. एवढा मोठा व्यवहार दोन शब्दांत मावतो. समीक्षकानं इथे थांबायला नको?

1995 च्या परभणी संमेलनाचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. गाव सोडून गिरणीत आलेल्या मुंबईच्या कामगाराला त्यांनी कवितेत आणलं. त्यांना आपण मान दिला, पण त्यांची नजर आपल्या गावच्या फडावर वळवली नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : परिषदेच्या शाखांनी एक हंगाम निवडावा. परतणाऱ्या बायकांकडून शब्द, ओव्या, कोपीवरच्या गोष्टी त्यांच्या संमतीनं, त्यांच्या नावानिशी टिपून घ्याव्यात आणि ‘प्रतिष्ठान’मध्ये छापाव्यात. लोकसाहित्याच्या पुरवणीत नको, मुख्य अंकात.