कर्करोगातील वेदना : आकडा आणि शब्द

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगवेदनेच्या शमनासाठी तीन पायऱ्यांची योजना आखून दिली : प्रथम पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन यांसारखी औषधे, नंतर कोडीन, शेवटी मॉर्फिन, आणि प्रत्येक पायरीवर गरजेनुसार पूरक औषधे. या योजनेचे उपकार मोठे आहेत. तथापि पायरी ठरते ती वेदनेच्या तीव्रतेवरून. रुग्णास शून्य ते दहा यांमधील आकडा विचारला जातो. किती दुखते हे कळते, कसे दुखते हे राहून जाते.

उपचाराच्या दृष्टीने हा भेद गौण नाही. मज्जातंतूस इजा झाली असता रुग्ण बहुधा आग, चमक, मुंग्या असे शब्द वापरतो. तेथे एकटे मॉर्फिन पुष्कळदा अपुरे पडते, आणि ॲमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेन्टिन यांची जोड द्यावी लागते. हाडात पसरलेल्या रोगाच्या ठणक्यावर किरणोपचार गुणकारी ठरतो. शब्दावरून निदान होत नाही हे खरे; पण कोठे पाहावे, हे तो सुचवितो.

रोनाल्ड मेलझॅक यांच्या १९७५ मधील मॅक्गिल प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. प्रयत्न मोलाचाच, परंतु ती मुख्यत्वे विशेषणांची यादी आहे. मराठीत वेदनेचा भार क्रियापद वाहते. गळू ठसठसते, जखम चुरचुरते, कातडी हुळहुळते. द्विरुक्तीतच वेदनेची लय सामावलेली असते. उलट कळ ‘येते’, चमक ‘निघते’ : येथे वेदना येऊन जाणारी आहे. शब्दास प्रतिशब्द देणाऱ्या अनुवादात हा कालभेद नाहीसा होतो.

याहून चिंतेची गोष्ट ‘दुखणे’ या शब्दाची. मराठीत तोच रोग आणि तीच वेदना. मग दुखणे आहे तोवर दुखणारच, असे रुग्ण धरून चालतो व औषध मागत नाही. घरची माणसेही अफूच्या सवयीच्या भयाने ‘जरा कळ काढा’ म्हणतात. १९८६ च्या योजनेतील घड्याळाप्रमाणे औषध देण्याचे तत्त्व नेमके याच्या विरुद्ध आहे : तोंडाने घ्यावयाच्या साध्या मॉर्फिनची पुढील मात्रा सामान्यतः चार तासांनी, कळ परतण्यापूर्वीच द्यावयाची असते. मॉर्फिन मिळण्यातील कायद्याची अडचण २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळ सैल झाली. ‘कळ काढा’ म्हणण्याची सवय मात्र कोणत्याही दुरुस्तीच्या कक्षेत येत नाही.

संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने पायऱ्यांना अध्यापनाचे साधन मानून प्रत्येक रुग्णाच्या स्वतंत्र परीक्षणावर भर दिला आहे. मराठी रुग्णपत्रिकेत त्यासाठी आकड्याच्या आधी एक रिकामी ओळ हवी, आणि तीत रुग्णाचे क्रियापद जसेच्या तसे उतरवून घेतले जावे.